खुर्शीदाची कढई

खुर्शीदा लग्न होऊन अमडापूरला आली तेव्हा तिच्याबरोबर माहेरची एक लोखंडी कढई आली. कढई एवढी मोठी होती की ती बैलगाडीत ठेवल्यावर नवरीला कुठे बसवायचं हा प्रश्न पडला. शेवटी नवरी कढईतच बसली. गावाच्या वेशीवर ज्यांनी हे पाहिलं त्यांनी ते बाकीच्यांना सांगितलं, आणि पुढे कित्येक दिवस पाणवठ्यावर तिला ‘कढईतली नवरी’ हेच नाव होतं.

कढई लोणारची. उन्हाळ्यात लोणारचं तळं आटलं की काठावर खाराचे पापुद्रे धरतात. ते गोळा करायचं काम सरकारी मक्तेदाराकडे असे, आणि खुर्शीदाचे वडील त्या मक्तेदाराकडे खार उकळून साफ करत. तिचा मामा जालन्याला, म्हणजे नाका ओलांडून निजामाच्या हद्दीत, साबणाच्या एका लहान कारखान्यात होता. लहानपणी एका उन्हाळ्यात ती त्याच्याकडे राहिली होती. एका भांड्यात तेल, दुसऱ्यात खाराचं तेज पाणी. दोन्ही पातळ, दोन्ही वेगळी. एकत्र करून उकळत आणि ढवळत राहिलं की बराच वेळ काहीच होत नाही, आणि मग दोन्ही नाहीशी होऊन तिसरंच काहीतरी घट्ट होऊ लागतं. तिला त्यात जादू वाटली नाही. हे आपल्याला करता आलं पाहिजे, एवढंच वाटलं. लग्नात काय हवं असं वडिलांनी विचारल्यावर तिने दागिना मागितला नाही.

अमडापूरला तिच्या सासऱ्यांची, फकीर मोहम्मद यांची तेलाची घाणी होती. नवरा वाहेद घाणी चालवायचा. गावातला रिवाज असा होता की ज्याचं त्याने तीळ, करडी, जवस आणायचं आणि तेल निघेपर्यंत घाणीशेजारी बसून राहायचं. मग तेलात भेसळ झाली असं कोणाला म्हणता येत नसे. फकीर मोहम्मद म्हणत, “आमची घानी म्हनजे चावडीच हाये. फक्त इथं बैल फिरते अन् तिथं गोष्टी फिरतात.”

पाच वर्षं कढई दाराशी पालथी पडून होती. तिच्याखाली कोंबड्या बसत. खुर्शीदा मात्र स्वयंपाक आटोपला की चुलीवर लहान पातेल्यात प्रयोग करत राही. तेल करंजाचं, कारण ते खायच्या कामाचं नाही आणि घाणीत तळाशी गाळ राहतोच. खार माहेरचा. चुना घरातला. इमामबी, म्हणजे तिची सासू, पान खायची आणि पानाचा चुना कोनाड्यातल्या मडक्यात पाण्याखाली भिजत ठेवलेला असे.

“दुल्हन,” इमामबी एक दिवस मडक्यात बोट घालून म्हणाली, “माहा चुना कोन खाते? मी दिवसाचे चार पानं खाते. मडकं तं असं खाली झालं का घरात बारात जेवून गेली.”

“मीच घेतला, अम्मी.”

“तू पान खायले लागली?”

“साबन खाते चुना.”

इमामबीला हे पटलं नाही, पण तिने मडक्याला झाकण घातलं नाही.

चुन्याचं काम काय ते मामाने सांगितलं होतं. नुसता खार मऊ असतो. हात धुवायला चालतो, तेलाला फोडू शकत नाही. चुना घालून उकळला की तो तिखट होतो. मग चुना खाली बसतो आणि वरचं निवळ पाणी वापरायचं. पाणी पुरेसं तिखट झालं की नाही हे बघायचं तर त्यात कोंबडीचं पीस सोडायचं. पीस विरघळलं तर पाणी तयार. खुर्शीदाच्या घरी पिसांची कमतरता नव्हती.

दोन-तीनदा बिघडून अखेर पातेल्यात साबण धरला. वड्या पिवळसर, करंजाच्या वासाच्या, पण फेस देणाऱ्या. गावच्या सुताराकडून तिने लाकडी ठसा करून घेतला: कापसाचं फुटलेलं बोंड. पहिली वडी ठसा मारून तिने गीताबाईला दिली. गीताबाई भगवानराव पाटलांची बायको. घाणीवर तेल न्यायला मागच्या दाराने येई आणि खुर्शीदाशी तिचं जमत असे.

गीताबाईने वडी उलटसुलट करून पाहिली. “खुर्शीदा, खरं सांग. चरबी नाही नं त्यात?”

“बाई, बकरं आमच्या घरी ईदलेच कापलं जाते. अन् कापलं असतं तं वास तुमच्या वाड्यालोक आला नसता काय?”

गीताबाई हसली आणि वडी घेऊन गेली. धोतरं स्वच्छ निघाली. दुसरी वडी मागितली. मग हे तिच्या सासूच्या कानावर गेलं, आणि वाड्यात प्रश्न निघाला: मुसलमानाच्या घरचा साबण, आत काय आहे ते कोणी पाहिलं?

नेमक्या याच दिवसांत वाहेदने कढईचं ठरवून टाकलं. घाणीचा बैल, हरण्या, म्हातारा झाला होता. तीन फेऱ्या झाल्या की उभा राही. उंद्रीच्या शेषरावांचं गुऱ्हाळ होतं, त्यांना गुळासाठी मोठी कढई हवी होती, आणि त्यांच्याकडे एक तरणा गोऱ्हा होता. कढई द्यायची, गोऱ्हा घ्यायचा. ऊस गाळायला सुरुवात होण्याआधी शेषराव बाजाराच्या दिवशी येऊन घेऊन जाणार होते.

“मले विचारलं काऊन नाही?” खुर्शीदा म्हणाली.

“काय विचारू? पाच वर्षं झाले, कोंबड्या बसवून राह्यली तिच्यात. गोऱ्हा आला तं घानी चालन, घानी चालली तं घर चालन.”

“कढई माही हाये.”

“हाये. म्हनून तं सांगून राह्यलो. नाही तं देऊन आलो असतो.” वाहेद वाईट माणूस नव्हता. त्याने थोडा विचार केला. “तुहा साबन गावात कोन घेते ते दाखव. शेषराव यायच्या आधी गाव साबन घ्यायले लागलं तं कढई राहील. हरण्याले मी ढकलीन अजून एक साल.”

खुर्शीदाने उत्तर घाणीपाशीच शोधलं. भगवानराव तीळ घेऊन आले होते, घाणीशेजारी बसले होते. ती डोक्यावरचा पदर सारखा करून खांबाआड उभी राहिली. “पाटील, तुम्ही तेल निघेलोक बसता. तसेच साबन होयेलोक बसा. बाजारात कढई मांडते. सर्व्यांच्या डोयांसमोर करते.”

भगवानरावांना कल्पना आवडली, पण त्यांनी ती आपल्या पद्धतीने पक्की केली. तेल करंजाचं, पण याच घाणीचं; या घाणीचं तेल तर सगळेच खातात. लाकडं वाड्यातली. पाणी देवीच्या विहिरीचं. “अन् चुना देवळाचा घे. मागच्या साली डागडुजी केली त्याचा ओवरीत ढीग पडेल हाये. मंग कोनाले तोंड उघडाले जागा नाही.”

“अन् पीस?” खुर्शीदाने विचारलं.

“कायचं पीस?”

“पानी तेज झालं का नाही ते पाहाले. कोंबडीचं.”

“कोंबडीचं पीस कढईत?” भगवानराव ताठच झाले. “बाई, सारं शुद्ध करून शेवटी त्यात कोंबडी? पीस-बीस काही नाही.”

चुना नीट मोजून घातला तर पीस नसलं तरी चालेल, असं खुर्शीदाने स्वतःला समजावलं. देवळाचा चुना पोत्यातून आला तेव्हा तिला बरंच वाटलं. घरचा चुना लगद्यासारखा. हा पिठासारखा कोरडा, पांढराशुभ्र, जणू वस्त्रगाळ केलेला.

बाजाराच्या दिवशी वडाखाली तीन दगडांवर कढई चढली. भाजी विकणाऱ्या बायका पाट्या सोडून आल्या. खुर्शीदाने खार, चुना आणि पाणी उकळलं, निवळू दिलं, वरचं पाणी काढून तेलात ओतलं आणि ढवळायला लागली. दुपार झाली. हात भरून आले. वाहेदने लाकडं सरकवली. तेल वर, पाणी खाली. ढवळलं की पांढरट होई, थांबलं की पुन्हा वेगळं होई. दुपार उतरली तरी कढईत तेच, फक्त करंजाचा कडवट वास सगळ्या बाजारभर झालेला.

तानुबाई कांदे विकायची आणि तिची जीभ कांद्यापेक्षा तिखट होती. ती कढईत वाकून म्हणाली, “वं माय! साबन काही झाला नाही, भाजी झाली. आता फोडनी देऊन टाक, गावजेवन तं होईन.”

लोक हसले. हसण्यापर्यंत ठीक होतं. पण मागून कोणीतरी म्हणालं, “देवाच्या चुन्यात साबन होत नाही. घरी होते. म्हनजे घरी काय घालत असन ते समजा.”

मग हसणं थांबलं, आणि ते जास्त वाईट होतं. चरबीवाचून साबण होत नाही, हे जणू त्या दिवशी वडाखाली सिद्ध झालं. पाटलांच्या वाड्यात गोमूत्र शिंपडलं गेलं. दुसऱ्या दिवशी गीताबाई मागच्या दारी आली, फडक्यात बांधलेली उरलेली वडी उंबऱ्यावर ठेवली आणि गेली. वडी अर्धी झिजली होती. कापसाचं बोंड अजून ओळखू येत होतं.

वाहेदने तिला टोमणा मारला नाही. “शेषराव येत्या बाजाराले येतात,” एवढंच म्हणाला, आणि कढई घासायला घेतली. स्वच्छ करून द्यावी लागणार होती.

खुर्शीदा भांडी आवरत होती. देवळाचा चुना थोडा उरला होता. इमामबीचं मडकं रिकामं होतं, ते तर सुनेनेच रिकामं केलेलं. म्हणून इमामबीने त्या उरलेल्या चुन्यात पाणी कालवलं, पानाला लावला आणि चावायला लागली. थोड्या वेळाने तिने तोंड वाकडं केलं.

“कायचा चुना हाये हा? भिंत खाल्ल्यासारखं लागते.”

“देवळाचा, अम्मी.”

“देवळाचा असो का मशिदीचा, मेला हाये. पाह्य.” तिने जीभ बाहेर काढली. “पान खाल्लं का लाल होते. हे पाह्य, हिरवंच.”

खुर्शीदा हातातली परात तशीच धरून उभी राहिली.

घरच्या चुन्याने जीभ चरचरते, पान रंगतं. हा नुसता पांढरा होता. घरचा चुना कायम पाण्याखाली असायचा. हा ओवरीत एक पावसाळा उघडाच पडला होता. तिला कारण माहीत नव्हतं. कारण असं आहे की भाजलेला चुना उघडा ठेवला तर हवेतला कर्बवायू ओढून घेत घेत तो पुन्हा आपल्या मूळच्या चुनखडीवर जातो. रंग तोच राहतो, अंगातला कस जातो. पण फरक आहे एवढं तिला कळलं, आणि फरक तपासता येतो हे मामाने शिकवलेलं होतं.

इमामबीच्या मडक्याच्या तळाशी खरवडून थोडासा चुना निघाला. तिने दोन वाडग्यांत सारखा खार घेतला, एकात घरचा चुना घातला, दुसऱ्यात देवळाचा, दोन्ही उकळले, निवळू दिले. पीस आणायला उठली आणि थांबली. पीस चालणार नव्हतं. मग पीस कशासारखं असतं? केस. लोकर. तिने सासऱ्यांच्या घोंगडीचा एक धागा उपसला, त्याचे दोन तुकडे केले आणि दोन्ही वाडग्यांत सोडले. घरच्या चुन्याच्या पाण्यात धागा फुगला, बुळबुळीत झाला आणि ढवळल्यावर दिसेनासा झाला. देवळाच्या चुन्याच्या पाण्यात तो धुतल्यासारखा स्वच्छ होऊन तरंगत राहिला.

वाहेद कढई घासता घासता पाहत होता. “गेला कुठं धागा?”

“पान्यात.”

त्याने काडीने वाडगा ढवळून पाहिला, मग दुसरा. मग पुन्हा पहिला.

भगवानराव पुढल्या दोन दिवसांत घाणीवर आले, कारण तेल लागणारच होतं, पण या वेळी ते घाणीकडे तोंड करून बसले होते आणि घराकडे पाठ. फकीर मोहम्मद शेजारी होते. भगवानरावांनी तंबाखू तळहातावर घेतली आणि सवयीने हात पुढे केला. फकीर मोहम्मदांनी चुनाळं उघडून दिलं. भगवानरावांनी नखाने चुना घेतला, तंबाखू मळली आणि तोंडात टाकली.

खुर्शीदा खांबाआडून म्हणाली, “पाटील, तो चुना कोनाचा?”

“कोनता?”

“तोंडात टाकला तो.”

भगवानरावांचा गाल फुगलेलाच राहिला. फकीर मोहम्मदांना आधी हसू आलं. “पाटील, वीस साल झाले माह्या डबीतला चुना खाता. तुमचा धरम बाटला नाही, माही डबी मातर दर आठ दिसाले खाली होते.”

“चुन्याले काय हाये?” भगवानराव म्हणाले. “चुना तं कोनाचाही चालते.”

“मंग माहा चालू द्या,” खुर्शीदा म्हणाली. “देवळाचा चुना मेला हाये. एक साल उघडा पडेल हाये. अम्मीनं पानाले लावून पाह्यला, जीभ रंगली नाही.” तिने दोन वाडगे आणून खांबापाशी ठेवले. “पीस नको म्हनले तुम्ही. पीस नाही घालत. घोंगडी चालन का?”

“घोंगडी?” भगवानराव गोंधळले. “घोंगडी तं सोवळ्यात चालते.”

“मंग तुमच्या खांद्यावरचीच द्या. एक धागा.”

भगवानरावांनी घोंगडीच्या किनारीचे दोन धागे तोडले आणि स्वतःच्या हाताने दोन वाडग्यांत टाकले. चुलीतले निखारे आणून वाडग्यांखाली ठेवले होते. सगळे वाकून पाहत राहिले. हरण्याही, ढकलणारा कोणी नाही हे पाहून, उभा राहिला. एक धागा गेला. दुसरा राहिला.

“आता बाकीचा कोनता चुना आननार?” भगवानरावांनी विचारलं. “डबीभर चुन्यात कढई होते का?”

उत्तर वाहेदने दिलं. “चिखलीच्या रस्त्याले भट्टी हाये. ताजा भाजेल आनतो. गाडी जुपतो आता.”

“अन् शेषराव?”

“येऊ द्या त्याहिले,” वाहेद म्हणाला, आणि हरण्याच्या डोळ्यांवरची ढापणं काढू लागला.

पुढच्या बाजाराला गर्दी कमी होती. एकदा फसलेला खेळ पाहायला कोण थांबतं? तानुबाई मात्र आपली कांद्याची पाटी वडाखालीच मांडून बसली होती. भगवानराव आले, आणि त्यांच्या मागे, बाजारात कधी न थांबणारी गीताबाई तोंडावर पदर घेऊन उभी राहिली.

वाहेदने मडक्यातून भट्टीच्या चुन्याचे खडे काढले. खुर्शीदाने खड्यांवर पाणी शिंपडलं. खडे फुसफुसले, फुटले, वाफ आली. पुढे आलेले दोघेतिघे मागे सरकले.

“अगं माय, हा तं जिता हाये!” तानुबाई म्हणाली.

“तेच म्हनते मी,” खुर्शीदा म्हणाली. “तो मेला होता.”

खार उकळला, पाणी निवळलं, भगवानरावांनी घोंगडीचा धागा सोडला आणि तो गेला. तेलात पाणी पडलं. ती ढवळायला लागली. बराच वेळ तेल वर आणि पाणी खाली, मागच्यासारखंच. आणि बघणाऱ्यांच्या चेहऱ्यावर मागचंच हसू यायला लागलं. खुर्शीदाने वर पाहिलं नाही. मग कढईतला रंग बदलला. तेलाची चकाकी गेली. लाकडी उलथणं जड झालं, त्याच्यामागे रेघ राहायला लागली, आणि ती रेघ मिटेना.

तिने उलथण्यावरचा थेंब तानुबाईच्या पालथ्या हातावर ठेवला. तानुबाईने तो चोळला, पाणी घेतलं, पुन्हा चोळला. फेस आला.

“चरबी हाये का?” खुर्शीदाने विचारलं.

“मी तं सकायपासून इथंच बसेल हावो,” तानुबाई हात धूत म्हणाली. “चरबी आली असती तं माह्या कांद्यावरूनच गेली असती.”

गीताबाई पुढे आली, पदराआडून लाकडी ठसा हातात घेतला, पाहिला, आणि परत खुर्शीदाच्या हाती दिला.

तेवढ्यात उंद्रीचे शेषराव आले. मागे दोरीला तांबडा, तरणा, खरंच देखणा गोऱ्हा. लोकांनी वाट दिली. शेषरावांनी कढईत वाकून पाहिलं.

“वाहेदमिया, हे काय? आज न्यायची होती नं?”

वाहेदने गोऱ्ह्याच्या पाठीवरून हात फिरवला. त्याच्या खांद्याची ठेवण पाहिली, खूर पाहिले. चांगला बैल ओळखणाऱ्याने जेवढा वेळ घ्यावा तेवढा घेतला. मग हात काढून घेतला.

“कढई खाली नाही, शेषराव,” तो म्हणाला.

“खाली कवा होईन?”

वाहेदने खुर्शीदाकडे पाहिलं. ती उलथणं कडेला घासत होती.

“आज होईन,” ती म्हणाली. “उद्या पुन्हा भरीन.”

कोणाशी भांडायचं हे शेषरावांना समजलं नाही. मग ते गोऱ्ह्याला घेऊन वळले, आणि जाता जाता थांबले. “साबन कवा वाळते तुमचा? गुऱ्हाळात हात लई चिकट होतात.”

“दिवाळीनंतर या,” खुर्शीदा म्हणाली.

गीताबाईच्या सासूने तो साबण आपल्या खोलीत शेवटपर्यंत येऊ दिला नाही. इमामबीने मडक्यावर झाकण घातलं, आणि चिखलीच्या भट्टीचा चुना वेगळ्या, कोरड्या, घट्ट बुचाच्या रांजणात ठेवला जाऊ लागला. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी सकाळी हरण्या तीन फेऱ्यांनंतर उभा राहिला तेव्हा वाहेद त्याच्या शेजारी गेला आणि त्याने जुवाला खांदा लावला.